नव्या पिकाचा धोका कसा मोजावा?

सन २००९ च्या ऑक्टोबर महिन्याच्या १४ तारखेस भारत सरकारच्या जनुकीय अभियांत्रिकी मान्यता समितीनें एका वांग्याच्या लागवडीस अनुमति दिली. हें वांगें नेहमींचें नव्हतें. जालना येथील महिको या बियाण्यांच्या कंपनीनें त्याच्या पेशींत एका सूक्ष्म जंतूचें जनुक बसविलें होतें, आणि शेंडे व फळें पोखरणारी अळी तें खाऊन जगत नसे. पुरते चार महिनेही लोटले नाहींत तोंच, ९ फेब्रुवारी २०१० रोजीं, त्या वेळचे पर्यावरणमंत्री जयराम रमेश यांनीं ही लागवड बेमुदत स्थगित केली. मधल्या काळांत त्यांनीं देशांतील सात शहरीं सभा घेऊन शेतकरी, शास्त्रज्ञ व ग्राहक यांचें म्हणणें ऐकिलें होतें. त्यांपैकीं एक सभा नागपुरास झाली. वांगें तेंच, अळी तीच, प्रयोगांचे कागदही तेच. परंतु समितीचा निर्णय एक आणि मंत्र्यांचा दुसरा.

या दोहोंत कोणाचें बरोबर, असा प्रश्न साहजिकच विचारला जातो. पण त्याच्याही अगोदर दुसरा एक प्रश्न उभा राहतो. नवें पीक शेतांत आलें असतां भोंवतालच्या सृष्टीस त्यापासून अपाय होईल कीं नाहीं, हें ठरवावयाचें तरी कसें? ही रीत ज्यास ठाऊक नाहीं, त्यास केवळ बाजू घेतां येते, निवाडा करितां येत नाहीं. म्हणून प्रस्तुत भाषणांत या रीतीचाच विचार करावयाचा आहे. असें अन्न पोटांत गेल्यावर काय होतें, हा प्रश्न महत्त्वाचा खरा, परंतु तो निराळा आहे. येथें विचार आहे तो शेत, बांध, रान आणि त्यांत वावरणारे जीव यांचा.

प्रथम या वांग्यांत काय केलें होतें तें पाहूं. मातींत बॅसिलस थुरिंजिएन्सिस नांवाचा एक जंतु असतो. त्यासच थोडक्यांत बीटी म्हणतात. जपानांत १९०१ सालीं रेशमाच्या किड्यांच्या एका रोगाचा शोध करितांना तो प्रथम आढळला, आणि पुढें जर्मनींतील थुरिंजिया प्रांतावरून त्याला हें नांव मिळालें. हा जंतु एक प्रथिन तयार करतो. अळीच्या आंतड्यांतील रस क्षारयुक्त असतो. त्यांत तें प्रथिन विरघळतें, आंतड्याच्या भिंतीस चिकटतें व तिला भोंकें पाडतें. अळीचें खाणें थांबतें आणि ती मरते. या जंतूची भुकटी पिकांवर फवारण्याची चाल कित्येक दशकांची आहे. मात्र फवारलेली भुकटी थोड्या दिवसांत उन्हानें निकामी होते. जनुक बसविलेलें झाड तेंच प्रथिन आपल्या पानाफळांत हंगामभर तयार करीत राहतें. म्हणून "हें प्रथिन जुनेंच आहे" एवढ्या उत्तरानें काम भागत नाहीं. प्रथिन जुनें असलें, तरी त्याचा सृष्टीशीं येणारा संबंध नवा आहे.

येथेंच धोका मोजण्याच्या शास्त्राचें पहिलें सूत्र हातीं येतें. अपाय करण्याची शक्ति ही एक गोष्ट, आणि प्रत्यक्ष धोका ही दुसरी. कठडा नसलेली खोल विहीर माळावर असो कीं शाळेच्या अंगणांत असो, तिची खोली सारखीच. परंतु माळावरच्या विहिरीकडे कोणी फिरकत नाहीं, आणि अंगणांतल्या विहिरीभोंवतीं मुलें रोज धांवतात. विहिरीची खोली म्हणजे अपायाची शक्ति, आणि मुलांचें धांवणें म्हणजे तिच्याशीं येणारा संपर्क. या दोहोंचा गुणाकार केला म्हणजे धोका निघतो. दोहोंपैकीं एकच मोजून जो बोलतो, तो अर्धेंच बोलतो.

याचें उत्तम उदाहरण अमेरिकेंतील मोनार्क फुलपांखरांचें आहे. १९९९ च्या मे महिन्यांत कॉर्नेल विद्यापीठांतील जॉन लोझी व त्यांचे सहकारी यांनीं आपला एक प्रयोग प्रसिद्ध केला. मोनार्कच्या अळ्या मिल्कवीड नांवाच्या, आपल्याकडील रुईच्या कुळांतल्या, झाडाचीं पानें खातात. अशा पानांवर त्यांनीं बीटी मक्याचे परागकण भुरभुरविले, तेव्हां चार दिवसांत शेंकडा ४४ अळ्या मेल्या. साधे परागकण असलेल्या पानांवर एकही मेली नाहीं. या वार्तेनें जगभर खळबळ उडाली. तथापि हा प्रयोग विहिरीची खोली सांगणारा होता. प्रत्यक्ष शेतांत पानांवर पराग किती पडतो, तो ज्या दिवसांत पडतो त्याच दिवसांत अळ्या असतात काय, आणि किती अळ्या मक्याच्या शेतांतल्या झाडांवर वाढतात, हें अजून मोजावयाचें होतें. तें काम अमेरिका व कॅनडा येथील संशोधकांनीं पुढील दोन वर्षांत केलें, आणि २००१ सालीं त्यांचे निष्कर्ष बाहेर आले. त्या काळीं प्रचलित असलेल्या बहुतेक बीटी मक्यांच्या परागापासून मोनार्कला असलेला धोका नगण्य ठरला. एका वाणाचा पराग मात्र खरोखरच विषारी होता. त्याची लागवड फार थोडी होती व तो वाण लवकरच बाजारांतून गेला.

येथवर गोष्ट समाधानाची झाली. परंतु ती येथें संपत नाहीं. १९९६ पासून अमेरिकेंत दुसऱ्याच जातीचीं जनुकसंस्कारित पिकें पसरत होतीं. सोयाबीन, व नंतर मका, यांस ग्लायफोसेट या तणनाशकानें इजा होणार नाहीं अशी त्यांची घडण होती. शेतकऱ्यानें उभ्या पिकावर औषध फवारावें, पीक राहावें व तण जावें, अशी ती सोय. त्या तणांतच मिल्कवीडही होतें. अमेरिकेच्या मध्यपश्चिम भागांत १९९९ ते २०१० या काळांत हें झाड सुमारें शेंकडा ५८ नें घटलें, असा अंदाज दोघा संशोधकांनीं पुढें प्रसिद्ध केला. मोनार्कची संख्या उतरण्याचीं कारणें अनेक आहेत व त्यांविषयीं तज्ज्ञांत मतभेद आहेत. तथापि ज्या झाडावर अळी वाढावयाची तेंच शेतांतून नाहींसें होणें हें त्यांतील एक मोठें कारण मानलें जातें. पुढच्या दारावर पहारा बसविला होता, आणि चोर मागच्या दारानें शिरला. पिकांतलें जनुक पाहून भागत नाहीं. त्या पिकाबरोबर शेती करण्याची जी नवी तऱ्हा येते, तीही पाहावी लागते.

ही गोष्ट इंग्लंडनें चांगली ओळखली. तेथें बीट, मका व मोहरीच्या कुळांतील रेप हीं तणनाशक सोसणारीं पिकें परवानगीसाठीं आलीं, तेव्हां सरकारनें प्रयोगशाळेंतील कागदांवर विसंबून न राहतां खऱ्या शेतांतच परीक्षा घेण्याचें ठरविलें. प्रत्येक पिकासाठीं साठाहून अधिक शेतें निवडलीं. प्रत्येक शेताच्या एका अर्ध्यांत नवें पीक व दुसऱ्या अर्ध्यांत नेहमींचें पीक घेतलें. आणि तणें, त्यांचें बीं, मधमाशा, फुलपांखरें व भुंगेरे यांची मोजदाद केली. २००३ च्या ऑक्टोबरांत पहिले निकाल लागले. नव्या बीटच्या व रेपच्या शेतांत तणें व त्यांचें बीं कमी झालें आणि त्यांवर जगणारे कित्येक कीटकही कमी झाले. मक्याच्या शेतांत उलट घडलें. नव्या पिकाच्या बाजूसच तणें व कीटक अधिक निघाले. कारण जुन्या मक्यावर जीं तणनाशकें मारीत, तीं अधिक जहाल होतीं. म्हणजे "जनुकसंस्कारित पिकें सृष्टीस घातक आहेत काय" या प्रश्नाला एक उत्तर मिळालें नाहीं. तीन पिकांचीं उत्तरें एकसारखीं निघालीं नाहींत. आणि हेंही दिसून आलें कीं, नव्या पिकाची तुलना कल्पनेंतल्या निष्पाप शेताशीं करून चालत नाहीं, ती आज जें शेत आहे त्याच्याशीं करावी लागते.

आतां वांग्याकडे वळूं. वांगें हें भारतीय उपखंड व त्याच्या शेजारचे देश यांतलें मूळचें पीक. जळगांवकडचें भरिताचें हिरवें वांगें, कृष्णाकांठचें वांगें, अशी त्याचीं नांवाजलेलीं वाणें गांवोगांवीं आहेत, आणि त्याचे रानटी भाऊबंद आजही पडीक जमिनींत व वाटांच्या कडेला काटे घेऊन उभे असतात. मधमाशा व भुंगे एका झाडाचा पराग दुसऱ्यावर नेतात. यास्तव येथें तीन प्रश्न ओळीनें विचारावे लागतात. लागवडीच्या वांग्याचा पराग रानटी झाडावर पडून संकर होईल काय? होईल, निदान सोलॅनम इन्सॅनम या सर्वांत जवळच्या भाऊबंदाशीं तो सहज होतो. त्या संकराचें बीं रुजून त्यास पुढें फळ धरेल काय? धरतें. मग तिसरा प्रश्न, आणि खरा महत्त्वाचा हाच: नव्या जनुकामुळें त्या रानटी झाडास जगण्यांत कांहीं वरचढपणा मिळेल काय? रानटी झाडाचें बीं किडींमुळेंच मर्यादेंत राहात असेल, तर कीड टळतांच तें फोफावूं शकेल. किडीचा त्यास मुळांत फारसा उपद्रवच नसेल, तर जनुक आलें काय आणि न आलें काय, फरक पडणार नाहीं.

हा तिसरा प्रश्न तर्कानें सुटत नाहीं. झाडें लावून बिया मोजाव्या लागतात. अमेरिकेंत सूर्यफुलाच्या बाबतींत ॲलिसन स्नो व त्यांच्या सहकाऱ्यांनीं तसें केलें. बीटी जनुक रानटी सूर्यफुलांत संकरानें आणून त्यांनीं तीं झाडें दोन प्रांतांत वाढविलीं. नेब्रास्कांत त्या झाडांनीं इतर रानटी झाडांहून सरासरी शेंकडा ५५ अधिक बिया धरल्या. कोलोरॅडोंत ही वाढ अवघी शेंकडा १४ होती, आणि ती योगायोगाचीही असूं शकेल इतकी लहान होती. जनुक एकच, झाड एकच, देशही एकच. जागा बदलली आणि उत्तर बदललें. तें सूर्यफूल बाजारांत कधीं आलें नाहीं. परक्या देशांत निर्धोक ठरलेलें पीक येथेंही निर्धोकच असेल, असें म्हणतां येत नाहीं, त्याचें कारण हें होय. ज्या देशांत एखाद्या पिकाचे रानटी भाऊबंद नाहींत, त्या देशास हा प्रश्न पडतच नाहीं. वांग्याच्या बाबतींत भारतास तो पडतो.

येथपर्यंत जे प्रश्न आले ते परवानगीपूर्वींचे. परंतु परवानगीनंतर काय होतें, हें महाराष्ट्रास कपाशीनें शिकविलें आहे. सरकीचें तेल माणसें खातात व पेंड जनावरें खातात. तेव्हां कपाशी ही अन्नाच्या प्रश्नाबाहेरची नव्हे. २००२ च्या मार्च महिन्यांत बीटी कपाशीस परवानगी मिळाली ती एका अटीवर. शेताच्या कडेनें पांच ओळी, किंवा एकंदर क्षेत्राचा पांचवा हिस्सा, यांपैकीं जें अधिक भरेल तितक्या जागेंत साधी कपाशी लावावी, अशी ती अट होती. या पट्ट्यास आश्रयपट्टा म्हणतात. त्यामागील विचार मोठा मार्मिक आहे. हजारों अळ्यांत एखादी अशी निघते कीं तिला बीटी बाधत नाहीं. आश्रयपट्ट्यांत साध्या अळ्या जगल्या, तर त्यांचे पतंग त्या एखाद्या विषपचव्या पतंगाशीं जुगतात व होणारी बहुतेक प्रजा पुन्हां बीटीस बळी पडते. पट्टा नसला, तर जगणाऱ्या पतंगांचाच परस्परांशीं मेळ बसतो, आणि कांहीं वर्षांत शेतभर तीच जात होते.

बियाण्याच्या ४५० ग्रॅमच्या थैलीबरोबर साध्या बियाण्याची १२० ग्रॅमची पुडी मिळत असे. ती पुष्कळ ठिकाणीं पेरलीच गेली नाहीं. याबद्दल शेतकऱ्यास दोष देणें सोपें आहे. परंतु ज्याची जमीन दोन एकर, त्यानें तिचा पांचवा भाग किडीच्या चराईसाठीं सोडावा, असें सांगणाऱ्यांनीं त्याच्या नुकसानीचा विचार केला नव्हता. शिवाय फरदड घेण्याची चाल होती. वेंचणी संपल्यावरही कपाशी उन्हाळ्याच्या तोंडापर्यंत उभी राही, व गुलाबी बोंडअळीस वर्षाचे बहुतेक महिने अन्न मिळे. आरंभीं कीटकनाशकांच्या फवारण्या कमी झाल्या, हें खरें. पण २०१० सालीं गुजरातेंतील गुलाबी बोंडअळी एका जनुकाच्या कपाशीस दाद देत नसल्याचें जाहीर झालें. २००६ पासून आलेल्या दोन जनुकांच्या कपाशीचीही पुढें तीच गत झाली, आणि २०१७ च्या हंगामांत विदर्भ-मराठवाड्यांत बोंडेंच्या बोंडें किडून गेलीं. तीच अळी अमेरिकेंतील ॲरिझोना प्रांतांतही होती, आणि तेथेंही १९९६ पासून बीटी कपाशी होती. तेथें आश्रयपट्टे खरोखर लावले गेले, त्यांवर देखरेख राहिली, पुढें वंध्य पतंग सोडण्याची मोहीम झाली, आणि २०१८ सालीं गुलाबी बोंडअळी अमेरिकेच्या कपाशींतून नाहींशी झाल्याचें तेथील कृषिखात्यानें जाहीर केलें. जनुक दोन्हीकडे सारखें होतें. फरक होता तो परवानगीच्या कागदावरील अट बांधावर उतरली कीं नाहीं, एवढाच.

या दृष्टीनें वांग्याच्या निर्णयाकडे पुन्हां पाहिलें, म्हणजे दोन्ही पक्षांचें म्हणणें नीट कळतें. समितीनें पाहिलें तें असें: वांग्यावर आज विष कांहीं थोडें पडत नाहीं. अळी एकदां फळांत शिरली कीं बाहेरचें औषध तिला लागत नाहीं, म्हणून शेतकरी पुनःपुन्हां फवारतो. त्यांत किडींना खाणारे मित्रकीटकही मरतात आणि फवारणाऱ्याच्या अंगावरही तें विष उडतें. नवें वांगें नाकारलें म्हणजे धोका टळला असें होत नाहीं. जुना धोका तसाच चालूं राहतो. मंत्र्यांनीं पाहिलें तें असें: शास्त्रज्ञांत एकमत नाहीं, अनेक राज्यसरकारें प्रतिकूल आहेत, आणि बियाणें विकणाऱ्याहून स्वतंत्र असलेल्या संस्थांनीं केलेल्या परीक्षा पुरेशा नाहींत. विष कमी करण्याचे तिसरेही मार्ग आहेत. किडलेले शेंडे खुडून नष्ट करणें, कामगंध सापळे लावणें वगैरे. त्यांशींही तुलना व्हावयास हवी. त्याच वर्षीं समितीच्या नांवांतील "मान्यता" हा शब्द जाऊन "मूल्यमापन" या अर्थाचा शब्द आला. नांव बदललें म्हणून काम आपोआप बदलत नाहीं. तथापि मान्यता देणें आणि मोल ठरविणें ह्या दोन भिन्न गोष्टी आहेत, एवढें त्यांत कबूल केलें गेलें.

शेजारच्या बांगलादेशानें दुसरी वाट धरली. २०१३ च्या अखेरीस तेथें या जनुकाच्या वांग्यास परवानगी मिळाली व २०१४ च्या जानेवारींत वीस शेतकऱ्यांस रोपें देण्यांत आलीं. पुढें हजारों शेतकरी तें लावूं लागले, आणि तेथील पाहण्यांत फवारण्या घटल्याचें आढळलें आहे. ही गोष्ट लहान नव्हे. परंतु अळी या विषास सरावते काय, आणि रानटी वांग्यांत हें जनुक टिकून वाढतें काय, या प्रश्नांचीं उत्तरें चारदोन हंगामांत मिळत नसतात. इकडे भारतांत स्थगिति असतांनाही २०१९ सालीं हरियाणांत एका शेतांत विनापरवाना असेंच वांगें उभें असल्याचें आढळलें, व तें उपटून टाकावें लागलें. म्हणजे "होय" म्हणणाऱ्या देशास पहारा लागतो, आणि "नाहीं" म्हणणाऱ्या देशासही तो तितकाच लागतो.

तेव्हां एखाद्या नव्या अन्नपिकाची वार्ता कानीं पडली, तर सुज्ञ माणसानें लगेच बाजू न घेतां कांहीं प्रश्न विचारावे. कोणत्या झाडांत कोणतें जनुक घातलें आहे, आणि त्या झाडाचे रानटी भाऊबंद या भूमींत आहेत काय? प्रयोगशाळेंत दिसलेला अपाय शेतांत किती संपर्कानें घडेल, हें कोणी मोजलें आहे काय? तुलना कशाशीं केली आहे? पिकाबरोबर औषधें व मशागत यांची कोणती नवी चाल येणार आहे? परीक्षा ज्यानें केली, त्याचा त्या विक्रींत लाभ आहे काय, आणि ते कागद इतरांस पाहावयास मिळतात काय? आणि सर्वांत शेवटीं, जी अट घातली आहे ती दोन एकरांचा धनी पाळूं शकेल अशी आहे काय? न पाळल्यास तें कोणास, किती दिवसांत कळेल, आणि त्यानंतर पीक मागें घेण्याची तजवीज काय?

या शेवटच्या प्रश्नाकडे आजवर सर्वांत कमी लक्ष गेलें आहे. पहिल्या पांच प्रश्नांसाठीं प्रयोगशाळा, विद्यापीठें व समित्या आहेत. शेवटच्यासाठीं गांवोगांव फिरून बोंडें फोडून पाहणारा, बांधावरचीं रानवांगीं दरसाल मोजणारा व वहींत टिपून ठेवणारा मनुष्य लागतो, आणि त्यानें लिहिलेलें वाचून वेळींच पावलें उचलणारें सरकार लागतें. अशा माणसांचा पगार कोणत्या खात्यांतून निघावयाचा, हें पीक शेतांत येण्याच्या अगोदरच ठरलें पाहिजे.